हाउसफुलचा बोर्ड लागल्यानंतर

या वेळी आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत, तिकीट. कुणाला आवडत्या गायिकेच्या कार्यक्रमाचं मिळालं नाही, कुणाला नाटकाचं, कुणाला फायनलचं, आणि एकीचे तर पैसेसुद्धा गेले. मी बरीच वर्षं नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेय, प्लॅनचा कागद समोर पसरून पेन्सिलीने खुर्च्या खोडायच्या तेव्हापासून ते सगळं मोबाइलवर गेलं तोपर्यंत, त्यामुळे ही पत्रं वाचताना जीव अगदी गुंतला. म्हणून या वेळचं सदर सगळं तिकिटांनाच देतेय.

प्रश्न: ताई, माझ्या आवडत्या गायिकेचा लाइव्ह कार्यक्रम खूप वर्षांनी होतोय. बुकिंग सकाळी ११ ला सुरू होणार होतं. मी १०.५५ ला लॉगिन करून बसले, ११ चा ठोका पडला तसं बटण दाबलं तर माझ्यापुढे ६२ हजार माणसं! पाऊण तासाने आत गेले, सीट निवडली की "ही सीट आता उपलब्ध नाही", असं सहा वेळा झालं आणि मग सोल्ड आउट. खूप रडू आलं. माझं नेमकं काय चुकलं?

उत्तर: आधी रडू पुसा, कारण अजून सगळं संपलेलं नाहीये, ते शेवटी सांगते.

मोठ्या कार्यक्रमांच्या बुकिंगला बहुतेक ठिकाणी आता दोन टप्पे असतात. विक्री सुरू व्हायच्या थोडं आधी एक वेटिंग रूम उघडते, कुठे पंधरा मिनिटं आधी, कुठे अर्धा तास, कुठे तासभर. या वेटिंग रूममध्ये जेवढी माणसं असतील त्यांना ११ वाजता चिठ्ठ्या टाकल्यासारखे कसेही नंबर मिळतात, म्हणजे ती उघडल्याबरोबर शिरलेला आणि १०.५० ला आलेला दोघं सारखेच. पण ११ नंतर जो येतो तो या सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहतो. तुम्ही लॉगिन केलं होतं, पण लॉगिन करणं आणि वेटिंग रूममध्ये शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही ११ ला बटण दाबलंत तेव्हा खरं म्हणजे तुम्ही उशिरा आलात. पुढच्या वेळी वेटिंग रूम उघडली की लगेच आत शिरा आणि मग पेज अजिबात रिफ्रेश करू नका, रिफ्रेश केल्यावर बऱ्याच ठिकाणी हातातला नंबर जातो. एकाच अकाउंटने चार टॅब उघडून बसू नका, सिस्टिमला तो बॉट, म्हणजे आपोआप तिकिटं उचलणारा प्रोग्राम, वाटतो आणि चारही टॅब बाहेर फेकले जाऊ शकतात. घरातल्या दोघांनी आपापल्या अकाउंटवरून आपापल्या फोनवर बसणं मात्र चालतं, आणि तसं कराच.

आता सीट हातातून का निसटत होती ते. तुमच्या स्क्रीनवर जो नकाशा दिसतो तो काही सेकंद शिळा असतो. तुम्हाला मोकळी दिसणारी खुर्ची त्या क्षणी दुसऱ्या कुणाच्यातरी कार्टमध्ये गेलेली असते, आणि मधल्या, पुढच्या, चांगल्या खुर्च्यांवर तर एकाच वेळी शेकडो बोटं पडत असतात. अशा गर्दीत नकाशावर टिचक्या मारत बसायचं नाही, "उपलब्ध असलेली चांगली जागा द्या" अशा अर्थाचा पर्याय असेल तर तोच घ्यायचा, नाहीतर सरळ वरच्या मजल्याच्या बाजूच्या ब्लॉकमध्ये जायचं. एकदा सीट कार्टमध्ये पडली की ती काही मिनिटं तुमची, मग श्वास घेऊन पैसे भरा. आणि कोणता दिवस चालेल, कुठला ब्लॉक चालेल, जास्तीत जास्त किती पैसे देणार, हे आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा, तिथे विचार करायला वेळ नसतो.

तरीसुद्धा कधीकधी सगळं नीट करून मिळत नाही, हे पण खरं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या अमेरिकेतल्या दौऱ्याची आगाऊ विक्री झाली तेव्हा ३५ लाख लोकांनी आधी नाव नोंदवलं होतं, त्या एका दिवसात तिकीटमास्टर कंपनीच्या सिस्टिमवर साडेतीन अब्ज रिक्वेस्ट आल्या आणि २० लाखांवर तिकिटं विकली गेली, आणि मग तीन दिवसांनी सगळ्यांसाठी जी विक्री उघडायची होती ती रद्दच करावी लागली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली. म्हणजे तुमच्यासारखे लाखो लोक त्या दिवशी रिकाम्या हाताने उठले, त्यात त्यांची काही चूक नव्हती.

आता जे सांगणार होते ते. पहिल्या दिवशी सोल्ड आउट दिसलं म्हणजे सगळ्या खुर्च्या विकल्या गेल्या असं सहसा नसतं. मी खिडकीवर होते तेव्हा प्लॅन उघडायच्या आधीच काही खुर्च्यांवर आमची फुली असायची, पाहुण्यांच्या मानाच्या जागा, कलाकारांच्या घरच्यांच्या, प्रायोजकांच्या, आणि दोनचार अशाच हाताशी ठेवलेल्या, ऐनवेळी काही घोळ झाला तर. यातल्या कितीतरी प्रयोगाच्या दिवशी दुपारी मोकळ्या व्हायच्या. मोठ्या कॉन्सर्टला तर हा प्रकार फारच मोठा असतो, कारण स्टेज प्रत्यक्ष उभं राहीपर्यंत कुठला खांब, कुठला कॅमेरा, साउंडचं टेबल किती खुर्च्यांच्या आड येणार ते कुणालाच नक्की माहीत नसतं, म्हणून आयोजक शेकडो जागा रोखून धरतात आणि स्टेज लागल्यावर सोडतात. म्हणून सांगते, सोल्ड आउट दिसल्यावर पंधरावीस मिनिटांनी परत बघा, ज्यांचं पेमेंट अडकलं त्यांच्या सीट परत येतात. मग पुढचे दोनतीन दिवस बघा. मग कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात रोज एकदा, आणि आदल्या दिवशी आणि त्या दिवशी तर तासातासाला. त्या अधिकृत साइटवर "तिकीट आल्यास कळवा" असं काही असेल तर आजच नाव टाका. आणि कलाकाराच्या पेजवर लक्ष ठेवा, मागणी एवढी असेल तर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम जाहीर होण्याची शक्यता बरीच असते, आणि तिथे तुम्हाला आता रांग कशी चालते ते माहीत असणार आहे.

प्रश्न: एका ग्रुपवर एकाने "अचानक बाहेरगावी जावं लागतंय, दोन तिकिटं आहेत, छापील किमतीतच देतो" असं लिहिलं होतं. त्याने तिकिटाचा फोटो पण पाठवला. मी अर्धे पैसे पाठवले, मग म्हणाला बाकीचे पाठव म्हणजे ट्रान्सफर करतो, ते पण पाठवले, आणि मग ब्लॉक केलं. घरी सांगायची पण लाज वाटतेय. पैसे परत मिळतील का? आणि पुढे कसं ओळखायचं?

उत्तर: लाज तुम्ही वाटून घेऊ नका, ज्याने केलं त्याची ती लाज आहे. घरी आजच सांगा, कारण बँकेला जितक्या लवकर कळेल तितकं बरं. बँकेला फोन करून फसवणुकीचा व्यवहार म्हणून नोंद करा, सायबर पोलिसांकडे तक्रार द्या, चॅटचे आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, तो ग्रुप चालवणाऱ्यालाही कळवा म्हणजे अजून कुणी अडकायचं नाही. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण पैसे त्याच्या खात्यातून पुढे जायच्या आत बँकेने अडवले तर वाचू शकतात, म्हणून हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

ओळखायचं कसं. त्या फोटोला काही किंमत नाही. तिकिटाचा फोटो कुणाचाही उचलता येतो, आणि एकाच खऱ्या तिकिटाचा फोटो वीस जणांना विकता येतो, गेटवर जो आधी पोचेल त्याचं स्कॅन होतं आणि बाकीचे एकोणीस बाहेर. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे किंमत, तिकीट मिळत नसलेल्या कार्यक्रमाचं तिकीट, अनोळखी माणसाकडून, छापील किमतीत, आणि घाई. खरं कारण असणारी माणसं असतात हो, आजारपण येतं, ऑफिसचं काम निघतं, मी स्वतः खिडकीवर अशी कितीतरी माणसं बघितलीत. पण खऱ्या माणसाला अधिकृत रस्त्याने तिकीट द्यायला काही अडचण नसते. ज्या ॲपवरून तिकीट घेतलंय त्याच ॲपमधून ते तुमच्या नावावर ट्रान्सफर करायला सांगा, किंवा अधिकृत रीसेलवर, म्हणजे घेतलेलं तिकीट परत विकायची विक्रेत्याचीच जी सोय असते तिथे, टाकायला सांगा आणि तिथून तुम्ही घ्या, मग तुमचे पैसे आणि त्याचं तिकीट दोन्ही मधल्या कंपनीकडे राहतात. याला तो नाही म्हणाला, कारणं सांगायला लागला, की बोलणं तिथेच थांबवा. कितीही गोड बोलला तरी.

आणि पैसे थेट कुणाच्या खात्यात पाठवायचे नाहीत. कार्डने भरले तर वस्तू मिळाली नाही म्हणून बँकेकडे दाद मागता येते, थेट पाठवलेल्या पैशाचं तसं होत नाही.

अजून एक, हे तुम्ही विचारलं नाहीये पण बरेच जण यात अडकतात. सर्च केल्यावर सगळ्यात वर जी साइट येते ती पुष्कळदा जाहिरात असते, अधिकृत विक्रेता नसतो. आणि काही रीसेल साइटवर तर असे विक्रेते असतात ज्यांच्याकडे तिकीटच नसतं, आधी तुमचे पैसे घ्यायचे आणि मग कुठून स्वस्तात मिळालं तर द्यायचं. अजून बुकिंग उघडलेलंच नाही आणि त्या साइटवर तिकीट दिसतंय असं झालं की समजायचं. म्हणून सुरुवात नेहमी कलाकाराच्या, नाट्यगृहाच्या किंवा स्पर्धेच्या स्वतःच्या साइटवरून करा आणि तिथे जी लिंक दिलीय तीच धरा.

प्रश्न: तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला पाठवला तर ती माझ्या आधी आत जाऊ शकते ना? मला पोचायला उशीर होणार आहे.

उत्तर: स्क्रीनशॉटवर विसंबू नका. आता बऱ्याच मोठ्या ठिकाणी बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, स्क्रीनशॉट स्कॅनच होत नाही. ॲपमधून तिचं तिकीट तिच्या नावावर ट्रान्सफर करा, आणि ते घरूनच करा, गेटवर हजारो लोक जमले की नेटवर्क मिळत नाही.

प्रश्न: मी आणि माझा भाऊ एकाच मॅचची तिकिटं बघत होतो, एकाच स्टँडची. त्याला दिसलेली किंमत आणि अर्ध्या तासाने मला दिसलेली किंमत यात जवळजवळ दीडपट फरक. हे कायदेशीर आहे का? हा तर सरळ काळाबाजार झाला.

उत्तर: तुमचा राग मला पटतो. याला डायनॅमिक प्राइसिंग म्हणतात, विमानाच्या तिकिटासारखं, मागणी वाढली की किंमत वर. फरक एवढाच की यात जास्तीचे पैसे ब्लॅकवाल्याच्या खिशात न जाता आयोजकाकडे किंवा कलाकाराकडे जातात. करणाऱ्यांचं म्हणणं असं की तिकीट स्वस्तात ठेवलं तर मधले दलाल ते उचलतात आणि चौपटीने विकतात, मग तो नफा ज्याने कार्यक्रम केला त्याला का नको. या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण रांगेत चार तास उभ्या असलेल्या माणसाला आत गेल्यावर वेगळी किंमत दाखवायची हे मला तरी मान्य नाही, खिडकीवर आम्ही असं केलं असतं तर लोकांनी काच फोडली असती.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी ओएसिस या बँडच्या पुनर्मीलनाच्या दौऱ्याला ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये असंच झालं. लोक दिवसभर ऑनलाइन रांगेत होते आणि नंबर आला तेव्हा उभं राहायच्या तिकिटाची किंमत दुपटीहून जास्त झालेली होती. एवढा संताप झाला की ब्रिटनमध्ये बाजारातल्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने चौकशी सुरू केली. तिथे प्रश्न किंमत जास्त का हा नव्हता, लोकांना आधी नीट सांगितलं होतं का हा होता. आणि तुम्हीही तेवढं बघा, विक्रीच्या आधी जाहिरातीत किमती कशा लिहिल्यात, "पासून पुढे" असं असेल तर खालची किंमत थोड्याच खुर्च्यांची असणार हे धरून चाला.

यावर उपाय म्हणाल तर थोडासा आहे. किंमत चढते तशी उतरतेही. पहिल्या तासाची घाई ओसरली की, किंवा सामना जवळ येऊनही खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या की ती खाली येते. साखळीतला एखादा साधा सामना असेल तर मी थांबेन. फायनल असेल, किंवा एकाच रात्रीचा कार्यक्रम असेल, तर थांबणार नाही. आणि दर बघताना सगळे चार्ज धरून शेवटचा आकडा बघायचा, कारण सुविधा शुल्क, सेवा शुल्क वगैरे अगदी शेवटच्या पानावर येऊन बसतं. अमेरिकेत मे २०२५ पासून नियमच झालाय की लाइव्ह कार्यक्रमाच्या तिकिटाची सगळे सक्तीचे चार्ज धरून एकूण किंमत पहिल्यापासून दाखवायची. असं सगळीकडे व्हायला हवं.

प्रश्न: आईचं वय ७८, गुडघे गेलेत, थोडं चालते, पायऱ्या नको वाटतात. तिला नाटकाचं भयंकर वेड आहे, पण मागच्या वेळी नेलं तेव्हा आमच्या सीट मधोमध होत्या, सगळ्यांना उठवत आत जाताना ती इतकी संकोचली की आता नकोच म्हणते. तिला परत न्यायचंय. कुठली सीट घेऊ?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तिला न्याच.

ऑनलाइन नकाशावरून सीट निवडू नका, नाट्यगृहाला फोन करा किंवा स्वतः जा आणि जे तुम्ही मला लिहिलंय ते जसंच्या तसं सांगा. खिडकीवरच्या माणसाला प्रत्येक खुर्ची माहीत असते, कुठल्या दाराने आत गेलं की पायरी लागत नाही, कुठल्या रांगेपुढे पाय पसरायला जागा आहे, कुठली खुर्ची रांगेच्या टोकाला आहे, स्वच्छतागृह कुठल्या बाजूला जवळ पडतं. हे नकाशावर दिसत नाही. पुष्कळ ठिकाणी व्हीलचेअरसाठी आणि कमी चालणाऱ्यांसाठी जागा राखीव असतात, सोबतच्या माणसाची खुर्ची शेजारी असते, आणि त्या जागा बऱ्याचदा सर्वसाधारण ऑनलाइन विक्रीत नसतातच, मागाव्या लागतात. मागायला संकोच करू नका, त्या तुमच्या आईसारख्यांसाठीच ठेवलेल्या आहेत.

रांगेच्या टोकाची खुर्ची घ्या, जिथून स्टेजकडे मान फार वळवावी लागत नाही अशी, पाचव्या ते दहाव्या रांगेच्या मध्ये कुठेतरी. पहिली रांग नको, मान वर करून बघावं लागतं आणि ७८ व्या वर्षी दोन तास ते जमत नाही. बाल्कनी तर नकोच, तिथे पायऱ्या उभ्या असतात आणि अंधारात त्या दिसत नाहीत. सुट्टीच्या दिवशीपेक्षा आठवड्यातल्या दुपारचा प्रयोग बघा, गर्दी कमी असते. आणि अर्धा तास आधी पोचा, हॉल रिकामा असताना आईला हात धरून बसवा, म्हणजे तिला कुणाला उठवावं लागणार नाही, बाकीचे येतील तेव्हा ती पर्स मांडीवर घेऊन निवांत बसलेली असेल.

कसं झालं ते मला नक्की कळवा.

प्रश्न: पैसे कट झाले, तिकीट आलं नाही. आता परत बुक करू का?

उत्तर: लगेच नाही. आधी ॲपमधल्या "माझी तिकिटं" मध्ये बघा, मग ईमेलच्या स्पॅममध्ये. तिथे नसेल तर बहुतेक वेळा पेमेंट अर्धवट राहिलेलं असतं आणि पैसे काही दिवसांत आपोआप परत येतात. व्यवहाराचा नंबर लिहून विक्रेत्याला कळवा. घाईने परत बुक केलं आणि पहिलंही कन्फर्म झालं तर दोन्ही तिकिटं तुमच्या गळ्यात, कारण घेतलेलं तिकीट परत घेत नाहीत.

प्रश्न: आम्ही सात मित्र. मोठ्या स्पर्धेची फायनल बघायचीय पण आपली टीम फायनलला जाईल की नाही ते माहीत नाही. आत्ताच काढावं की थांबावं? आणि सात जण एकत्र बसू शकू का?

उत्तर: एकत्र बसण्याचा हट्ट सोडलात तर मिळण्याची शक्यता कितीतरी वाढेल, हे आधी सांगते. एका अकाउंटवर सहसा चार किंवा सहा तिकिटांची मर्यादा असते, आणि सलग सात खुर्च्या रिकाम्या सापडणं तर पहिल्या पाच मिनिटांनंतर अशक्यच. दोन, दोन आणि तीन असे तुटा, तिघांनी तीन अकाउंटवरून बसा. तीन मिळाल्या नाहीत तर दोन आणि एक. एकट्या खुर्चीकडे कुणी बघत नाही, प्रत्येक मोठ्या विक्रीत सगळ्यात शेवटपर्यंत राहिलेल्या असतात त्या अशा जोड्यांच्या मध्ये अडकलेल्या एकट्या खुर्च्या, आणि कधीकधी त्या फार सुंदर जागी असतात.

मोठ्या स्पर्धांची तिकिटं बहुतेक वेळा टप्प्याटप्प्याने निघतात आणि सुरुवातीच्या टप्प्यात सोडतच असते, म्हणजे अर्ज करायचा आणि वाट बघायची. विम्बल्डनची सार्वजनिक सोडत तर १९२४ पासून चालू आहे. सोडतीत वेगाला महत्त्व नसतं, शेवटच्या दिवशी भरलेला अर्जही पहिल्या दिवशीच्या अर्जाइतकाच, म्हणून नियम शांतपणे वाचून सातही जणांनी स्वतंत्र अर्ज करा, एकापेक्षा जास्त अर्ज मात्र कुणी करू नका, पकडलं गेलं तर सगळेच बाद होतात.

आपली टीम पोचेल की नाही याचं म्हणाल तर काही स्पर्धांमध्ये टीम पोचली तरच लागू होणारं तिकीट असतं, नाही पोचली तर थोडे पैसे कापून बाकीचे परत, ते आहे का बघा. नसेल तर अधिकृत रीसेल आहे का बघा, कारण उपांत्य फेरीत जी टीम हरते तिचे पाठीराखे दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटं परत टाकतात. फायनलच्या तिकिटांसाठी ती सकाळ सगळ्यात चांगली. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकला अशी अधिकृत रीसेलची सोय होती, मूळ किमतीतच, आणि खेळ चालू असतानाही लोकांना तिथे तिकिटं मिळत होती.

प्रश्न: माझ्याकडे एका गाजलेल्या कॉन्सर्टची दोन तिकिटं जास्तीची आहेत, मित्र येत नाहीयेत. तिप्पट किंमत द्यायला लोक तयार आहेत. मी काही चोरी करत नाहीये, मग विकायला काय हरकत?

उत्तर: हरकत आहे. आधी कायद्याची बाजू, ती जागेनुसार बदलते. जपानमध्ये जून २०१९ पासून ठरावीक प्रकारची तिकिटं जास्त किमतीला विकण्याचा धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. आयर्लंडने २०२१ मध्ये मोठ्या जागांवरच्या कार्यक्रमांची तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्तीने विकायला बंदी घातली. अमेरिकेने २०१६ मध्ये बॉट वापरून तिकिटं उचलण्यावर कायदा केला. आणि कायदा नसेल तिथेही तिकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की जास्त किमतीला विकलेलं तिकीट रद्द होऊ शकतं, मग ज्याने तुम्हाला तिप्पट दिले तो गेटवरून परत जाणार.

पण मला तुम्हाला कायद्यापेक्षा दुसरंच सांगायचंय. खिडकीवर असताना मी रोज बघायचे, पहिल्या तासात दहादहा तिकिटं उचलणारी तीच तीच माणसं, आणि संध्याकाळी बाहेर फाटकाशी तीच माणसं, आणि त्यांच्यासमोर पाकीट उघडून नोटा मोजणारं एखादं जोडपं, ज्यांना मी तासाभरापूर्वी "हाउसफुल आहे हो" म्हणून परत पाठवलेलं. मला तेव्हा काहीच करता यायचं नाही. तुम्हाला करता येईल, दोन तिकिटांपुरतं का होईना. या पानावर पहिलं पत्र कुणाचं आहे ते बघा, अशाच एखादीला ती जातील. ॲपमधून ट्रान्सफर करा किंवा अधिकृत रीसेलवर मूळ किमतीत टाका, तुमचे पैसे तुम्हाला मिळतील.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. संगीत, नाटक, खेळ सगळं आवडतं पण तिकिटं परवडत नाहीत. पैसे नसणाऱ्यांनी स्क्रीनवरच बघायचं का?

उत्तर: नाही रे, अजिबात नाही. आणि तुझ्यासारख्यांसाठी जगात किती ठिकाणी किती वर्षांपासून दार उघडं ठेवलंय ते सांगते, म्हणजे तू जिथे असशील तिथे काय शोधायचं ते तुला कळेल.

व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभं राहून ऐकायच्या जागा आहेत, अगदी स्वस्त, आणि त्यातल्या काही तर थेट स्टेजसमोर. तिथली जुनी रीत अशी की जागा मिळाली की पुढच्या कठड्याला आपला रुमाल किंवा स्कार्फ बांधायचा, की ती जागा तुझी, मग खुशाल बाहेर फिरून ये. लंडनला ग्लोब थिएटरमध्ये स्टेजच्या पुढ्यात उघड्या आकाशाखाली ७०० माणसं उभी राहून नाटक बघतात, नट त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर, आणि पैसेवाले मागे बाकांवर. लंडनच्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवाच्या मैफली असतात तेव्हा उभ्याची तिकिटं त्याच दिवशी विकतात. विम्बल्डनला तर सेंटर कोर्टसकट मोठ्या कोर्टांची काही तिकिटं बहुतेक दिवशी रांगेतल्या माणसांसाठी ठेवतात, लोक रात्री तंबू ठोकून बसतात, हातात नंबराचं कार्ड मिळतं, त्यामुळे कुणी मधे घुसत नाही, आणि दुपारनंतर जे प्रेक्षक निघून जातात त्यांची तिकिटं परत विकून ते पैसे समाजकार्याला देतात.

न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरला १९७३ पासून एक खिडकी आहे, टीकेटीएस नावाची, त्या दिवसाच्या नाटकांच्या उरलेल्या खुर्च्या तिथे अर्ध्या किमतीपर्यंत खाली येतात. आणि तिथेच ब्रॉडवेवर, म्हणजे मोठ्या नाट्यगृहांच्या भागात, १९९६ साली एका संगीत नाटकाने ठरवलं की पहिल्या दोन रांगा प्रयोगाच्या दिवशी फक्त २० डॉलरला द्यायच्या, ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी पुढे बसायचं. पोरं रात्रभर फुटपाथवर झोपायला लागली, मग वर्षभराने चिठ्ठ्या टाकून द्यायला सुरुवात झाली. आज तिथे बऱ्याच नाटकांना ऑनलाइन सोडत असते.

तर तू काय विचारायचंस, विद्यार्थी सवलत आहे का, त्या दिवशीची स्वस्त तिकिटं आहेत का, उभ्याची जागा आहे का, नाटक असेल तर उद्घाटनाच्या आधीचे प्रयोग कमी दरात आहेत का, खेळ असेल तर कसोटीचा पाचवा दिवस किंवा सराव सामने. "दृश्य अर्धवट" असा शिक्का असलेल्या खुर्च्यांकडे नीट बघ, कधी समोर खांब असतो आणि कधी नुसता एक बारीक कठडा, तो शिक्का मात्र दोघांनाही सारखाच. स्वयंसेवक व्हायचं बघ, बऱ्याच महोत्सवांना लोकांना जागा दाखवायला मुलं लागतात, काम झालं की दाराशी उभं राहून कार्यक्रम बघू देतात. संगीत असेल तर मागची जागा मिळाली म्हणून हिरमुसू नकोस, साउंडचं टेबल जिथे असतं तिथे आवाज सगळ्यात छान लागतो कारण तो माणूस स्वतःच्या कानाने तिथूनच सगळं जुळवत असतो, आणि ते टेबल पुढे कधीच नसतं.

आणि एकटा जायची सवय लाव. आमच्याकडे एक मुलगा यायचा, तुझ्याएवढाच, पडदा उघडायला पाच मिनिटं असताना खिडकीशी येऊन फक्त "एक आहे का?" एवढंच विचारायचा. वर्षभरात तो परत गेलेला मला दोनदाच आठवतो.